यादीत नसलेलं लक्षण

वॉर्डात नवा कॉम्प्युटर आला आणि त्याच्यासोबत प्रमाणित शब्दांची यादी आली. एकूण आठशे चाळीस शब्द. माणसाला जे काही होऊ शकतं ते सगळं त्यात आहे, असं नोंदणी अधिकारी छातीठोकपणे सांगत. या गृहस्थांनी जन्मात कुणाच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवला नव्हता, म्हणूनच बहुधा यादी करायचं काम त्यांच्याकडे आलं. नर्सनी मनचं काही लिहायचं नाही, यादीतून निवडायचं आणि मोकळं व्हायचं.

मोठ्या सिस्टरांनी सव्वीस वर्षं हाताने नोंदी लिहिल्या होत्या. ‘आजोबा रुसलेत, लेक आली नाही’ असलंही त्या लिहीत आणि डॉक्टर ते वाचून आजोबांशी दोन शब्द जास्त बोलत. आता रुसायची सोय राहिली नव्हती. स्वतःच्या शब्दांत लिहिल्याबद्दल त्यांना दोनदा ताकीद मिळाली होती. तिसऱ्यांदा काही झालं तर वॉर्ड हातचा जाणार होता.

सात नंबरच्या खाटेवर एक टेलरमास्तर होते. पोटाचं ऑपरेशन होऊन तीन दिवस झाले होते आणि तिन्ही दिवस चहाला नावं ठेवून त्यांनी सगळ्यांना भंडावून सोडलं होतं. चौथ्या दिवशी सकाळी ते निमूट चहा प्यायले आणि बरा आहे म्हणाले. सिस्टरांनी हातातलं काम टाकून त्यांना तपासलं. नाडी, ताप, रक्तदाब सगळं जागच्या जागी होतं, पण मास्तर जागेवर नव्हते.

यादीत यासाठी एकच नोंद होती, ‘तक्रार नाही’. ती निवडली की हिरवा ठिपका येई आणि हिरव्या ठिपक्याकडे डॉक्टर दुपारपर्यंत फिरकत नसत. सिस्टरांनी फोन केला. चहा आवडला म्हणून धावत येऊ का, असं डॉक्टरांनी हसून विचारलं.

मग सिस्टरांनी सरळ ‘श्वसनास तीव्र त्रास’ निवडलं. लाल दिवा लागला. डॉक्टर जिने चढून धापा टाकत आले तेव्हा श्वसनाचा त्रास त्या खोलीत फक्त त्यांनाच होता. ते भडकले, पण आलोच आहोत तर बघू म्हणून त्यांनी मास्तरांचं पोट दाबलं आणि डॉक्टरांचाच चेहरा उतरला. आतला टाका सुटला होता. तासाभरात मास्तर पुन्हा ऑपरेशनच्या टेबलावर होते, आणि वाचले.

दोन दिवसांनी अधिकाऱ्यांनी सिस्टरांना बोलावून खुलाशाचा फॉर्म समोर उघडला. खोट्या नोंदीचं कारणही यादीतूनच निवडायचं होतं: चुकून, थकव्यामुळे, जाणूनबुजून.

“‘चुकून’ निवडा,” अधिकारी मायेने म्हणाले. “तीन दिवसांचं ट्रेनिंग घ्या, तिसरी ताकीद धरत नाही, विषय संपला. ‘जाणूनबुजून’ केलंत तर चादरींच्या गोदामात बसावं लागेल.”

त्या वॉर्डाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं आणि यायला नकोही होतं.

“चूक म्हटली तर पुन्हा करता यायची नाही ना?”

“अर्थातच नाही.”

“मग पुढचा माणूस गेलाच म्हणायचा.”

सिस्टरांनी कमरेच्या वॉर्डाच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या आणि ‘जाणूनबुजून’वर बोट दाबलं. कॉम्प्युटर आल्यापासून त्यांना पूर्णपणे पटलेली ती पहिलीच नोंद होती.