मामांची सुरगाठ

खरं काय घडलं, ते तुम्हांला ठाऊक होतं. तरी तुम्ही गप्प बसलात. नुसते गप्प नाही, पोट धरून हसलातसुद्धा.

मी झेंड्याची दोरी बोलतेय. एका कॉलेजच्या ध्वजस्तंभावर मी नऊ वर्षं काढली. आता सामानाच्या खोलीत, खिडकीजवळच्या खिळ्याला लटकतेय. झालं गेलं विसरावं म्हणतात. माणसांनी विसरावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे तुमच्याच म्हणीत आहे.

मला शिपाईमामांनी विकत आणलं. दुकानात त्यांनी मला ताणून पाहिलं, नखाने खरवडलं, चक्क वासही घेतला. दुकानदार हसला, "मामा, दोरी घेताय की सोयरीक जमवताय?"

"दोरीच. पण राष्ट्रीय दिनाला अख्ख्या कॉलेजची लाज हिच्या हातात असते."

आदल्या संध्याकाळी मामा कप्पीला तेल द्यायचे. सकाळी झेंड्याची घडी घालून माझी सुरगाठ बांधायचे आणि ती वर चढवायचे. खालून एक हलका झटका, की झेंडा उलगडलाच पाहिजे. नऊ वर्षांत ती गाठ एकदाही अडली नाही. कोणी शाब्बास म्हटलं नाही, ते सोडा.

मग विद्यार्थ्यांची सोशल मीडिया समिती निघाली. तिच्या प्रमुखाला सगळे 'डायरेक्टर' म्हणत. गेल्या वर्षी सोहळ्याच्या अर्धा तास आधी मामा खुर्च्या मांडायला वळले आणि हा तुम्हां समितीवाल्यांची टोळी घेऊन खांबापाशी आला. झेंडा उलगडतानाचा शॉट त्याला आधीच हवा होता, नंतर मध्ये गर्दी येते म्हणून. त्याने मला ओढलं. झेंडा उलगडला, शॉट झाला. मग झेंडा खाली घेऊन कसाबसा गुंडाळला, माझी गाठ मारली आणि वर चढवला. गाठ कसली, निरगाठ! माझा श्वास कोंडला.

प्राचार्यांनी झटका दिला. मी सुटले नाही. पुन्हा दिला. मामा धावत आले, झेंडा खाली घेतला आणि बोटांनी सुटेना म्हणून दातांनी मला सोडवू लागले. लाईव्ह चालूच होतं. दुपारपर्यंत समितीच्या पानावर त्या दातांवर विनोदी संगीत चढलं. नऊ लाख लोकांनी पाहिलं. वर डायरेक्टरने लिहिलं, 'देशाचा मान राखता येत नसेल तर घरी बसा, मामा!'

मामांना निष्काळजीपणाची नोटीस मिळाली आणि मैदान सुटलं. त्यांना या खोलीत बसवलं, मलाही. खांबावर नायलॉनची दोरी आली. मामांची मुलगी याच कॉलेजात शिकते. वर्गाच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला, त्या दिवशी ती इथे आली.

"बाबा, गाठ चुकली का हो तुमची?"

मामांनी आपल्या हातांकडे पाहिलं. "चुकली असेल गं. वय झालं."

पगार गेला असता तरी मी एक वेळ सोडून दिलं असतं. पण तुम्ही त्या माणसाला स्वतःच्या हातांवर संशय घ्यायला लावलंत. याला माफी नाही.

यंदा राष्ट्रीय दिनाची रील स्पर्धा होती. आज सकाळी समितीतली एक मुलगी स्पीकर न्यायला आली, ती मैत्रिणीशी करवादतच. "डायरेक्टरदादा म्हणाला, तीन वर्षांत जिथे जिथे माझा चेहरा आहे, ती प्रत्येक क्लिप घाल. रात्रंदिवस खपून केली, तर यानं तासाला बाकाखाली मोबाईल धरून पाहिली. आवाज बंद! म्हणे, झकास."

तुम्ही सगळं आवाज बंद करूनच बघता.

रील दाखवायला मैदानावर लावलेला पडदा मोठा होता, स्पीकर त्याहून मोठा. पहिलं वर्ष सरलं, टाळ्या पडल्या. मग पडद्यावर मी आले, डायरेक्टरच्या मुठीत. आणि त्याचा आवाज मैदानभर घुमला, "मामांची गाठ सोडली, आता माझी बघा. वादळातसुद्धा सुटणार नाही!"

मागून कोणीतरी म्हणालं, "अरे, मामांना सांग तरी."

"कशाला? शॉट मिळाला ना!"

माझा धागा न् धागा सुखावला. हो, सुखावला! मोठ्या मनाचं नाटक मला जमत नाही. डायरेक्टर स्पीकरची वायर उपटायला धावला आणि तिच्यातच पाय अडकून पालथा पडला. ती वायर माझी कोणी लागत नाही, पण त्या क्षणी सख्खी बहीण वाटली.

मामा खोलीच्या दारात उभे होते. मुलगी रांग मोडून धावत आली आणि तिने त्यांचे दोन्ही हात घट्ट धरले.

मला पुन्हा खांबावर चढवा, असं मी म्हणत नाही. नऊ लाखांसमोर हसलात, आता नऊ लाखांसमोर माफी मागा. त्याच पानावर, मामांचं नाव घेऊन. तोवर मी या खिळ्यावरून तुमच्याकडे बघत राहणार आहे.

मैदानात प्राचार्य उभे, डायरेक्टर मातीत, हजारभर मुलं माना खाली घालून बसलेली. झाडलोट करणाऱ्या मावशी खराटा टेकून त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "का रे पोरांनो, आता कोणी व्हिडिओ काढत नाही तो?"