जमिनीलगत

जोसेफ नागावकरांचं नाक गेलं ते चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात. साधाच फ्लू झाला होता. आठ दिवस अंथरुणात काढून ते उठले, आणि शुलामीथनं पुढ्यात ठेवलेला आल्याचा चहा त्यांना नुसत्या गरम पाण्यासारखा लागला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू परत. आलं नाही. खारट, गोड, आंबट एवढं जिभेला कळायचं. पण घर, रस्ता, पाऊस, माणूस यांना काही वास असतो ही गोष्ट त्यांच्या आयुष्यातून निघून गेली.

मग शुलामीथच त्यांचं नाक झाली. "अहो, दूध नासलंय, चहात घालू नका." "पलीकडे कुणीतरी गवत कापलंय." "पोस्टाच्या कोपऱ्यावर लिंडनच्या झाडाला मोहर आलाय बघा, मधासारखा वास आहे." ती सांगायची आणि जोसेफ क्षणभर डोळे मिटायचे. त्या शब्दांतून तो वास पुन्हा घडवणं त्यांना जमायला लागलं होतं. उन्हाळ्यात दोघं कॅरव्हॅन, गाडीमागं ओढायचं ते चाकांवरचं घर, घेऊन वेल्सच्या किनाऱ्याला जायची. तिथं वाळूत बसून ती नागावच्या समुद्राशी या समुद्राची तुलना करायची: इथला समुद्र थंड लोखंडासारखा, आपला सुकटीसारखा. दहा वर्षं ती अशी बोलत राहिली आणि दहा वर्षं ते ऐकत राहिले.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये घराजवळच्या, मेडनहेडच्या बाजारात भाजी घेताना ती खाली बसली ती उठलीच नाही.

त्यानंतर जोसेफ ज्या शांततेत राहू लागले ती त्यांना कुणाला समजावून सांगता आली नाही. घर गप्प होतं हे तर खरंच, पण हवासुद्धा गप्प होती. ब्रिस्टलहून मुलगी एलिझा महिन्यातून एकदा यायची, फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख चिकटवून जायची. कॅरव्हॅन तिनंच विकून टाकली. राहिले ते कॅरव्हॅनच्या शेगडीचे दोन लाल गॅस सिलिंडर. शुलामीथ गेली त्याच्या आदल्याच आठवड्यात जोसेफनी ते त्या उन्हाळ्यासाठी भरून आणले होते. ते न वापरता परत करणं म्हणजे तो प्रवास रद्द झाल्याची सही करणं होतं. जोसेफनी ते घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये, घर तापवणाऱ्या बॉयलरखाली, भिंतीशी उभे करून ठेवले आणि वर जुनी चादर टाकली.

"डॅडी, तो कॅन्स गॅरेजमध्ये नाय ठेवायचा," एलिझा म्हणाली. ती इथंच वाढलेली, तिचं मराठी आईबरोबर स्वयंपाकघरात जेवढं झालं तेवढंच. तिनं कौन्सिलचं एक पत्रक आणून फ्रिजवर लावलं. "वाच. प्रोपेन हवेपेक्षा हेवी असतो. खाली बसतो. ड्रेनमध्ये जातो. आणि तुला तर स्मेल पण येत नाय."

"उद्या बाहेर काढतो," जोसेफ म्हणाले. दोन वर्षं ते तेच म्हणत होते.

दोन हजार सहाच्या ऑक्टोबरात, एका मंगळवारी सकाळी, ते स्क्रू ड्रायव्हर शोधायला गॅरेजमध्ये गेले. हातातून एक स्क्रू पडला आणि सिलिंडरच्या बाजूला घरंगळला. तो उचलायला ते गुडघे टेकून वाकले, गाल जवळजवळ जमिनीला लागला, आणि तिथं, काँक्रीटपासून चार बोटांवर, त्यांना वास आला.

ते हलले नाहीत. बारा वर्षांनी आलेल्या त्या वासाला ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. ओलं खोबरं, वेलची, गुलाबपाणी, आणि या सगळ्याखाली इस्त्रीच्या सुती कापडाची ऊब. नवस फेडायच्या दिवशी मलिद्याचे पोहे कालवून झाले की शुलामीथ हात ॲप्रनला पुसत बाहेर यायची, तेव्हा तिच्या अंगाला यायचा तो वास. जोसेफ उठून उभे राहिले, तो गेला. पुन्हा वाकले, तो होता.

त्या दिवशी ते तासभर गॅरेजच्या जमिनीवर पडून होते. वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी आपण असे पडलेलो कुणी पाहिलं तर काय म्हणेल, हे मनात आलं तेव्हा त्यांना हसू आलं, आणि हसताना डोळ्यांतून पाणी गालावरून काँक्रीटवर गेलं.

दुसऱ्या दिवशी वास घोट्यापर्यंत आला होता. बादलीत पाणी चढावं तसा तो चढत होता, वरून सपाट, आणि त्या सपाटीच्या वर एक इंचही नाही. शुक्रवारपर्यंत तो गुडघ्याला लागला. शटरखालच्या फटीतून तो बाहेर जातोय असं वाटून जोसेफनी जुन्या गालिच्याच्या पट्ट्या कापून तिथं ठासल्या. खिडकीच्या चौकटीला पुट्टी भरली. बागेतली घडीची खुर्ची आत आणली, पण खुर्चीवर बसलं की नाक वर राहायचं. मग खुर्ची बाजूला ठेवून ते भिंतीला टेकून खालीच बसू लागले. दुपारी जेवून ते आत जायचे आणि अंधारून आलं की बाहेर यायचे. डोकं जड व्हायचं, पाय जरा लटपटायचे. पण रात्री झोप अशी लागायची, जशी तिच्या शेजारी लागायची.

फोनवर एलिझा म्हणाली, "डॅडी, तुझा आवाज हॅपी वाटते."

"बरं वाटतंय हल्ली," ते म्हणाले. त्यात खोटं काहीच नव्हतं.

नोव्हेंबर लागला. वास आता भिंतीशी बसलेल्या जोसेफच्या छातीपर्यंत होता आणि त्यात बारकावे येऊ लागले होते. एक दिवस लिंडनचा मोहर आला, एक दिवस करपलेला टोस्ट, एक दिवस थंड लोखंडासारखा समुद्र. ती बोलत नव्हती. पण पूर्वी ती बोलायची आणि वास त्यांना घडवावा लागायचा. आता वास येत होता, आणि ती काय म्हणाली असेल तेवढंच त्यांना घडवायचं होतं.

म्हणून त्या शुक्रवारी त्यांनी ठरवलं की शब्बाथचे, आठवड्याच्या पवित्र दिवसाच्या स्वागताचे दिवे आज आत, गॅरेजमध्ये लावायचे. शुलामीथ गेल्यापासून ते एकटेच, स्वयंपाकघरातल्या ओट्यावर, घड्याळाकडे बघून दोन मेणबत्त्या लावत. ती ज्या खोलीत आहे तिथं ते का लावू नयेत? सूर्य चारच्या सुमारास मावळणार होता. त्यांनी पितळी शमादानं पुसली, स्वच्छ पांढरा रुमाल अंथरला, आणि सगळं घेऊन ते गॅरेजमध्ये जाऊन बसले. सिलिंडर तिथंच आहेत हे त्यांना माहीत होतं. पत्रकातलं वाक्य न वाक्य पाठ होतं. पण ते माहीत असणं जणू भिंतीपलीकडच्या घरात राहत होतं, आणि जोसेफ या घरात होते.

भिंतीपलीकडच्या घरात खरोखर निवेदिता आणि सुश्रुत राहत होते. जोडघराचा दुसरा अर्धा भाग त्यांचा. दोघं नागपूरची, सॉफ्टवेअरमधली, येऊन दीड वर्ष झालेली. शेजारी मराठी बोलणारे ज्यू काका आहेत याचं निवेदिताला पहिल्या दिवशी इतकं नवल वाटलं होतं की ती दारातच हसत उभी राहिली होती. त्या शुक्रवारी ती ऑफिसमधून लवकर आली, आणि सकाळी केलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवड्या द्यायला जोसेफच्या मागच्या दारानं, "काका, आहात ना?" म्हणत आत शिरली. स्वयंपाकघरात कुणी नव्हतं. गॅरेजचं आतलं दार बंद होतं. तिनं ते ढकललं.

जोसेफ जमिनीवर मांडी घालून बसले होते, डोक्यावर टोपी, पुढ्यात दोन मेणबत्त्या. हातात काडी होती, पेटीच्या कडेला टेकवलेली.

"काका! नको!"

डिश खाली पडली. तिनं त्यांच्या हातातली काडी आणि पेटी दोन्ही हिसकावून घेतली, नाकाशी ओढणी धरली आणि धावत जाऊन शटर वर उचललं. गालिच्याच्या पट्ट्या उडून पडल्या. थंड हवा आत घुसली.

"किती घाण वास सुटलाय! कुजलेल्या कोबीसारखा! गॅस आहे हा, काका. पूर्ण भरलंय इथं. तुम्ही काडी ओढणार होतात?"

"दार लाव गं," जोसेफ म्हणाले. ते उठायचा प्रयत्न करत होते. "पोरी, दार लाव आधी. जाईल ती."

"कोण जाईल?"

रस्त्याकडे उतरत गेलेल्या फरशीवरून काहीतरी वाहत चाललं असावं तसे ते नुसते खाली बघत राहिले.

निवेदितानं त्यांना ओढत बाहेर आणलं, आपला कोट त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि फोन केला. अर्ध्या तासात गॅसचा माणूस आला. पन्नाशीचा, शांत, हातात पिवळं यंत्र. तो आत गेला, जमिनीलगत ते यंत्र फिरवलं, कोपऱ्यांतून, गटाराच्या झाकणावरून. चादर काढून त्यानं सिलिंडर बघितले, व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावलं, एकेक उचलून काट्यावर ठेवला. मग बाहेर येऊन म्हणाला की दोन्ही सिलिंडर काठोकाठ भरलेले आहेत. कारखान्यातलं प्लास्टिकचं सीलही फुटलेलं नाही. इथं गॅस गळलेला नाही.

"पण मी स्वतः वास घेतलाय," निवेदिता म्हणाली. "मला मळमळलं."

त्यानं खांदे उडवले. भिंतीवर बॉयलरची ज्योत दिवसरात्र जळते आहे, तो म्हणाला. गळती असती, तर तुम्ही दोघं मला हे सांगायला उभे नसता. दोन्ही घरं राहिली नसती. तरीही असे बंद जागेत ठेवायचे नाहीत, असं त्यानं दोनदा बजावलं आणि सिलिंडर मागच्या हिरवळीवर नेऊन उभे केले. सोमवारी डीलरची गाडी येऊन ते घेऊन गेली. जोसेफ खिडकीतून बघत होते. उचलताना गाडीवाल्याला ते जड गेले.

त्यानंतर आठ दिवस जोसेफ रोज दुपारी गॅरेजमध्ये जात. शटर लावत, पट्ट्या पुन्हा बसवत, जमिनीला गाल लावून पडून राहत. काँक्रीट थंड होतं. त्याला वास नव्हता. नवव्या दिवशी ते उठले, अंगावरची धूळ झटकली, आणि आता हे पुरे असं स्वतःशी म्हणाले. एलिझाला फोन करून ख्रिसमसच्या सुट्टीत ब्रिस्टलला येतो म्हणून कळवलं. निवेदिताचा कोट खुंटीवर राहिला होता, तो घडी करून रविवारी सकाळी अकराच्या सुमारास ते शेजारी गेले.

बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार इंचभर उघडलं.

"काका? या, या. पटकन आत या."

ती ताजी, उजळ दिसत होती. महिनाभर गावी राहून आल्यासारखी. केस मोकळे, पाय अनवाणी. जोसेफनी कोट पुढं केला, तो तिनं न बघताच घेतला.

"दार उघडं राहिलं की जातं ना," ती हळू आवाजात म्हणाली.

"काय जातं?"

"तुम्हाला सांगू? हसू नका. आई गेली तेव्हा मला जाता आलं नव्हतं, पासपोर्ट व्हिसासाठी होम ऑफिसात अडकला होता. तीन महिने झाल्यावर घरी पोचले तर तिच्या साड्यासुद्धा वाटून टाकलेल्या. काहीच नव्हतं उरलं. आठ दिवस झाले, काका, घरात आईचा वास येतोय. भाजलेला रवा, आणि ती गुडघ्यांना चोळायची ते निलगिरीचं तेल. आधी नुसता जिन्याखाली येत होता. आता खाली बसलं की सगळीकडे येतो. सुश्रुतला कळत नाही, त्याला सर्दी झालीय. मी खिडक्या लावून टाकल्यात सगळ्या."

खिडक्या उघड, असं जोसेफना म्हणायचं होतं. सगळ्या उघड, आणि नवऱ्याला घेऊन बाहेर ये. शब्द ओठांवर होते. ते म्हणायला त्यांनी श्वास आत घेतला, आणि त्या श्वासाबरोबर, पार खालून, बुटांजवळून, वेलची आली.

ते आत गेले. दार त्यांनी स्वतःच्याच हातानं, आवाज न करता, लावून घेतलं.

"काका आलेत का?" स्वयंपाकघरातून सुश्रुतचा चोंदलेला आवाज आला. "बसा काका, चहा टाकतोय."

निवेदिता जिन्याच्या पायथ्याशी गालिच्यावर खाली बसली आणि सरकून तिनं आपल्या शेजारी जागा केली. जोसेफ कठड्याला धरून, गुडघे सांभाळत, तिच्याजवळ टेकले. आत गॅसच्या शेगडीचं बटण टिकटिकलं आणि थांबलं. पेटलं नसावं. सुश्रुतनं ते पुन्हा दाबलं.