घरचं मोठं माणूस घेऊन या

त्या सकाळी घरात सगळं नेहमीसारखं होतं. डॉक्टरीणबाईंनी सासऱ्यांच्या गोळ्या काढून ठेवल्या, कपडे वाळत घातले आणि अकराला निघायचंय, अशी सासूबाईंना आठवण करून दिली. हाडांच्या शस्त्रक्रियेच्या प्रवेशपरीक्षेत त्या पहिल्या आल्या होत्या. तरी विभागप्रमुखांचा निरोप होता, की रुजू होण्याआधी घरचं मोठं माणूस घेऊन या. बाई उमेदवार असली की हा त्यांचा ठरलेला शिरस्ता. बाईंचा नवरा दोन वर्षांपूर्वी याच विभागात रुजू झाला, तेव्हा त्याच्या आईला कुणी बोलावलं नव्हतं.

हाडांचीच शाखा का, हे घरात सगळे विचारून थकले होते. अपघात विभागात असताना बाईंनी एका दांडग्या हमालाचा निखळलेला खांदा जागेवर बसवला होता. ताकदीने नव्हे, हात कसा वळवायचा ते ठाऊक होतं म्हणून. विव्हळणारा तो माणूस क्षणात शांत झाला, आणि आपण हेच काम करायचं, हे बाईंनी तिथेच ठरवलं.

प्रमुखांच्या खोलीत सासूबाईंना खुर्ची आणि चहा मिळाला. बाई उभ्याच. नवरा दाराशी, पांढऱ्या कोटात. प्रमुखांनी अगदी गोड आवाजात समजावलं, की तीन वर्षं रात्रपाळ्या, तासन् तास उभं राहणं. मधेच दिवस गेले तर सगळा विभाग अडतो.

"आम्हाला नातवंड हवंय," सासूबाई म्हणाल्या. "हिला त्वचेचं शिकू द्या. पाचाला घरी तरी येईल."

"ठरलं तर मग," प्रमुख म्हणाले.

ठरलं म्हणे! कपाट कुठल्या भिंतीला लावायचं हे ठरवावं, इतक्या सहज दोघांनी एका बाईच्या आयुष्याचा निकाल लावला. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. एकाच टेबलावर त्यांच्यासोबत अभ्यास केलेला तो माणूस बुटांकडे बघत होता. सासूपेक्षा या मूग गिळून बसणाऱ्याचीच चीड येते.

बाईंनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "सर, ह्यांच्या वेळी कुणाला बोलावलं होतं?"

"त्यांची गोष्ट वेगळी."

"मूल झालं तर ते ह्यांचंही असेल. मग ह्यांनी काम कधी सोडायचं, तेही आत्ताच ठरवा. मी माझी जागा सोडत नाही. काढून घ्यायची असेल, तर कारण स्वतःच्या हाताने लिहून द्या."

प्रमुखांनी लिहिलं नाही. असली कारणं बोलताना लाज वाटत नाही, लिहिताना वाटते. जागा राहिली.

जिन्यात सासूबाईंनी बजावलं, की रुजू झालीस तर घराची पायरी चढू नकोस. नवरा हळूच म्हणाला, "आत्ता आईला हो म्हण, पुढचं पुढे बघू." बाई त्याच दुपारी निवासी डॉक्टरांच्या वसतिगृहात राहायला गेल्या.

आता शेजारीपाजारी हळहळतात, की शिकण्यापायी बाईने संसार मोडला. नवरा त्याच विभागात, त्याच पाळ्या करतो. त्याला घरून रोज गरम डबा येतो, आणि त्याने काय मोडलं, हे अजून कुणी विचारलेलं नाही. तुम्ही तरी विचारलं असतंत का?