एकट्याने ओलांडलेली खिंड

"हे गुरदे आहेत की बुटाचे तळवे?" असं म्हणून मेजर वेअरिंगनी न्याहारीची ताटली दूर ढकलली, आणि जरा वेळाने पुन्हा ओढून घेऊन पुसून खाल्ली. त्यांच्या मुलीने, ऑगस्टाने, चहा ओतला. रोजचंच होतं ते.

इंग्लंडातलं चेल्टनहॅम गाव असल्या माणसांनी भरलेलं होतं. परमुलखात यकृतं बिघडवून आलेले हे निवृत्त साहेब इथलं औषधी पाणी पीत. हुकूम सोडायला त्यांना आता फक्त कुत्री, बायका आणि स्वयंपाकिणी उरल्या होत्या. त्यांच्यातही मेजरसाहेबांचा तोरा वेगळा. आर्मेनियातली बर्फाची खिंड त्यांनी एकट्याने ओलांडली होती. त्यावर त्यांनी पुस्तक लिहिलं होतं आणि त्याच्या तीन आवृत्त्या निघाल्या होत्या.

त्या दुपारी सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं. पडद्यावर काचेची चित्रं सरकवायला ऑगस्टा चित्रकंदिलामागे उभी होती. खिंडीचं चित्र आलं तसा मेजरसाहेबांनी आवाज खाली आणला. "माझ्यासोबत तिथे दुसरा जीव नव्हता," ते म्हणाले. पुढच्या रांगेतल्या बायकांनी श्वास रोखले.

दुसरा जीव कंदिलामागे उभा होता. खिंड ओलांडली तेव्हा ऑगस्टा सहा वर्षांची होती. खेचराच्या एका बाजूच्या टोपलीत तिला बसवलं होतं, आणि तोल राहावा म्हणून दुसऱ्या टोपलीत मेजरसाहेबांच्या संत्र्याच्या मुरंब्याच्या बरण्या होत्या. पुस्तकात मुरंब्याचा उल्लेख दोनदा होता, मुलीचा एकदाही नव्हता. मेजरसाहेब स्वतः हगवणीने बेजार होऊन डोलीत पडले होते आणि डोलीवाल्यांना इंग्रजीत शिव्या घालत होते. पायात पुरुषी बूट घालून पुढे चालत होती ती आई. खेचरवाले अर्ध्या वाटेत परत फिरायला निघाले, तेव्हा त्यांच्याशी तुर्कीत घासाघीस करून, प्रसंगी त्यांची मनधरणी करून तिने त्यांना पुढे आणलं. पुस्तकात ते तुर्की मेजरसाहेबांच्या तोंडी होतं. त्यांना त्या भाषेतले चारच शब्द येत, त्यातले तीन सांगण्यासारखे नव्हते.

पुस्तक छापून आलं तेव्हा लहानग्या ऑगस्टाने आईला विचारलं होतं, आपण कुठे आहोत यात? आई मेजरसाहेबांच्या कोटाचं बटण शिवत होती. "सभ्य गृहस्थ आपल्या बायकामुलींची नावं छापखान्यात नेत नाही, बाळ," ती म्हणाली. "तो आपला मान असतो." सगळ्या गावाची हीच समजूत होती. ऑगस्टा पुढे पुष्कळ वाचत गेली आणि तिच्या लक्षात आलं, की अशा गृहस्थांच्या पुस्तकांत घोड्यांना मात्र नावं असतात.

घरी परतताना मेजरसाहेब खुशीत होते. "टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. कसं झालं, गं?"

"छान झालं, पपा," ती म्हणाली. नेहमी तेच म्हणायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करता करता ते आरशासमोर कोसळले. डॉक्टर येऊन गेले, त्यांच्या हाती करण्यासारखं काही उरलं नव्हतं. एका गालावर साबणाचा फेस तसाच होता. उरलेली दाढी ऑगस्टाने केली. कुठेही कापू न देता, हनुवटीखालच्या खळीपाशी कातडी ताणून धरत. हात थरथरला नाही याचा तिला रागच आला.

दफनाला घरंदाज बायका जात नसत. पडदे ओढून घेतलेल्या घरात ती मागे राहिली आणि मिसेस प्यू या स्वयंपाकिणीबरोबर हॅमचे काप करू लागली.

"रडा की थोडं, बाईसाहेब," मिसेस प्यू म्हणाली. "साहेबांच्या दोस्तांना बरं वाटेल. मला तर कांदे चिरूनसुद्धा जमेना."

मंडळी परतली ती भुकेलेलीच. चिखलाचे बूट गालिच्यावर उमटवत त्यांनी हॅम फस्त केलं. मग कर्नल बेल्टन खाकरले. मेजरसाहेबांना पूर्वीच वारलेल्या आईच्याच कबरीत ठेवलं होतं. तिच्या साध्या दगडाजागी आता मित्रांतर्फे मोठा संगमरवर बसणार होता. मजकूरही कर्नलसाहेबांनीच योजला होता. आर्मेनियाची खिंड एकट्याने ओलांडणारा वीर. खाली, जागा उरलीच, तर पत्नी इसाबेला.

"उद्या पाथरवटाकडे देतो," ते म्हणाले. "पोरी, तुझी काही हरकत नसेलच."

आईच्या छातीवर ते वाक्य कायमचं बसणार होतं. ऑगस्टाने किटली खाली ठेवली.

"आहे," ती म्हणाली. "'एकट्याने' खोडा."

कर्नलसाहेबांना वाटलं, आपल्याच ऐकण्यात चूक झाली. मग ते मायेने हसले. दुःखात माणसाला काहीबाही सुचतं, जरा पडून राहा, असं त्यांनी सुचवलं. बाकीचे ताटल्यांत बघू लागले.

"पपा डोलीत होते, कर्नलसाहेब. आईच्या पायांची बोटं त्या बर्फात काळी पडली, त्यातली दोन नंतर कापावी लागली. तुमच्याकडच्या नाचात ती कधी उठायची नाही, तुम्ही तिला गर्विष्ठ म्हणायचात."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही," ऑगस्टा म्हणाली. तिचा आवाज आत्ता कुठे कापला. "मी तिथे होते."