कमी भारमानाची गाडी

सकाळपासून बाईंचं एकच पालुपद चालू होतं. "भाऊ, आपला नंबर लागेल ना?"

मी काय ज्योतिषी आहे? चिठ्ठ्या टाकून प्रश्नांचा क्रम ठरतो, त्यात आमचा पाचवा आला होता. प्रश्नोत्तराचा तास म्हणायला तास, पण निम्मा वेळ सदस्य एकमेकांची उणीदुणी काढण्यात घालवतात. चार प्रश्न झाले म्हणजे डोक्यावरून पाणी. मागे राहिलेल्यांना लेखी उत्तर मिळतं, आणि लेखी उत्तर म्हणजे वाटाण्याच्या अक्षता. हे बाईंना माझ्याइतकंच ठाऊक. तीनदा निवडून आलेल्या बाई, आणि पहिल्या दिवसापासून मी त्यांचा सहायक. तरी घटकेघटकेला तोच प्रश्न. मध्येच चष्मा पुसायच्या, मध्येच पाणी मागायच्या आणि न पिता पेला तसाच ठेवायच्या. टेबलावरची टाचण्यांची डबी चाळवता चाळवता उपडी केली, ती मी भरून ठेवली, तर पुन्हा उपडी.

त्यांचा जीव का टांगणीला लागला होता, ते सांगतो. सरकारनं राष्ट्रीय वाहतूक धोरण आणलं होतं. कागद गुळगुळीत, भाषा त्याहून गुळगुळीत. आतली गोम एकच. गाडीतल्या जागांच्या मानानं माणसं कमी बसत असतील, त्यांच्या भाषेत भारमान कमी असेल, तर त्या रेल्वेमार्गावरची गाडी पुढच्या महिन्यापासून बंद. अशा कितीतरी गाड्या निघाल्या आणि त्यांत डोंगराकडची एक होती. बाईंची धाकटी बहीण त्याच गाडीनं दिवसाआड खाली शहरातल्या इस्पितळात डायलिसिसला जाते आणि संध्याकाळी त्याच गाडीनं घरी परतते. तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलेली आहेत. रस्ताही आहे, पण नुसता वळणावळणांचा आणि खड्ड्यांचा. मशीनवरून उठलेल्या माणसाला त्या रस्त्यानं न्यायचं म्हणजे काय होईल, ते डॉक्टरांनी बाईंना बाजूला घेऊन सांगितलं होतं. बाईंनी ते मला सांगितलं आणि नंतर तो विषय काढला नाही.

पण प्रश्न त्यांनी एकट्या बहिणीसाठी लावला नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. झालं असं की धाकटीच्या वॉर्डात जेवढे पलंग, तेवढ्या दिशांनी माणसं येतात. एक निवृत्त शिक्षिका नदीपलीकडून येतात, एक शिंपी खाणींकडून, एका पोराची आई तर दोन गाड्या बदलून. सगळ्यांच्याच गाड्या रिकाम्या धावणाऱ्या, म्हणून सगळ्यांच्याच बंद होणार. हे धाकटीनंच ताईच्या कानावर घातलं. बाईंनी मला बोलावलं आणि म्हणाल्या, "भाऊ, गाडीत किती माणसं बसतात ते मोजलंय. कशासाठी बसतात ते कोणी मोजलंय का?" त्यावरून आम्ही प्रश्न बांधला. उपचारासाठी जाणाऱ्यांच्या गाड्या भारमानाच्या हिशेबातून सरसकट वगळणार का? हो की नाही? मंत्र्याला पळायला फट ठेवायची नाही, ही माझी पद्धत. हो म्हणाला तर सगळे सुटले, नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं त्याला सोलतील. आणि विचारायचा तो आजच. वाहतूक खात्याचा या अधिवेशनातला हा शेवटचा दिवस होता.

आम्ही निघणार तेवढ्यात धाकटीचा फोन आला. बाई स्पीकर लावून माझ्यासमोरच बोलल्या.

"ताई, इथे मी टीव्ही लावून घेतलाय. सगळ्यांना सांगून ठेवलंय, आज आपलं निघणार म्हणून."

"कशाला सांगितलंस? कशात काय नि फाटक्यात पाय, आणि तू गावभर दवंडी पिटतेस?"

"गावभर कुठे? वॉर्डभर."

"ठेव फोन," बाई म्हणाल्या, पण स्वतः बराच वेळ ठेवला नाही. जेवलीस का, सुई नीट लावली का, पांघरूण घेतलंयस का, असलं विचारत राहिल्या.

सभागृहाबाहेरच्या लांब मार्गिकेत आम्हाला वाहतूकमंत्री गाठ पडले. त्यांना सगळे पाठीमागे मऊसाहेब म्हणतात. माणूस वाईट नाही, पण कोपराला गूळ लावण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. त्यांनी बाईंना हलकेच खिडकीपाशी नेलं. मी मागे सरकलो, पण कान तिकडेच.

"बाई, डोंगराकडची गाडी तुमच्या बहिणीची ना? मला आधी सांगायचं नाही का? घरातलं काम आहे. ती गाडी राहील. प्रश्न तेवढा मागे घ्या, उगाच सभागृहात कशाला."

बाईंचे कान लाल झाले. "साहेब, प्रश्न माझ्या बहिणीचा नाही."

"तसं कसं, माझीही बहीणच ती."

"मग तुमच्या बाकीच्या बहिणींचंही सभागृहातच सांगा."

मऊसाहेब हसले, हात जोडले आणि गेले. मला बाईंचा इतका अभिमान वाटला, की सकाळपासूनच्या टाचण्या मी त्यांना माफ केल्या. त्या मात्र खिडकीपाशीच उभ्या राहिल्या. "भाऊ, मी चुकले तर नाही ना?" असं त्यांनी विचारलं आणि उत्तर न ऐकताच आत गेल्या.

सहायकांची गॅलरी वर असते. तिथून सगळं दिसतं आणि काहीही करता येत नाही. बसणाऱ्याचं रक्तच आटावं अशी ती जागा. पहिले दोन प्रश्न बरे गेले. तिसऱ्याला लांबणकाका उठले आणि मी कपाळाला हात लावला. हे सदस्य म्हणजे नमनालाच घडाभर तेल. प्रश्न बंदरांचा, पण त्यांनी सुरुवात केली ती चाकाचा शोध कसा लागला इथपासून. घड्याळ पुढे चाललं होतं. मी पाय हलवत होतो, म्हणून पहारेकऱ्यानं दोनदा दटावलं. खाली बाई जागेवर चुळबुळत होत्या. शेवटी त्या वाकून मागच्या बाकावर काकांच्या शेजारी गेल्या आणि त्यांच्या कानात काहीतरी बोलल्या. काकांनी भाषण मध्येच सोडून दिलं. सभागृहानं सुटकेचा श्वास टाकला. दुपारच्या चर्चेतला स्वतःचा सगळा वेळ बाईंनी त्यांना देऊन टाकला होता, हे मला नंतर कळलं. अर्थसंकल्पावरचं भाषण होतं ते, त्यासाठी मी आठवडाभर खपलो होतो. पण त्या घटकेला मला कळलं असतं तरी मी दिलं असतं.

चौथा प्रश्न विचारणारे सदस्य गैरहजर निघाले. देव पावला, असं मी म्हणालो आणि पुन्हा पहारेकऱ्यानं माझ्याकडे पाहिलं.

अध्यक्षांनी आमचा क्रमांक पुकारला तेव्हा तास संपायला थोडा वेळ उरला होता. मऊसाहेबांनी छापील उत्तराचा हवाला दिला, त्यात अर्थातच ताकास तूर लागू दिली नव्हती. आता बाईंची पाळी. आमच्या सभागृहाचा रिवाज असा, की सदस्य उभा आहे तोवर मंत्र्याला तो सोडत नाही असं धरतात आणि अध्यक्ष त्याला पुन्हा विचारू देतात. सदस्य बसला की त्याचं समाधान झालं. मग इतर कितीही हात वर करोत. नव्या सदस्याला आम्ही सहायक हेच पहिलं शिकवतो, उत्तर काहीही येऊ दे, बुड टेकायचं नाही.

बाईंनी प्रश्न विचारला. आवाज खणखणीत, शब्द न शब्द जागेवर. इस्पितळाच्या वॉर्डातली माणसं सांगितली, शिक्षिका, शिंपी, पोराची आई. बहिणीचा उल्लेखही केला नाही. "या सर्वांच्या गाड्या मंत्री वगळणार का? हो की नाही?"

सत्ताधारी बाकांवरचेही मान वळवून बघायला लागले. मी कठडा घट्ट धरला होता. गड जिंकलाच म्हणायचा.

मऊसाहेब उठले. सावकाश. कागद बाजूला ठेवला. "अध्यक्षमहोदय, सन्माननीय सदस्य स्वतःबद्दल कधी बोलत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. पण मला माहीत आहे आणि सभागृहालाही कळावं. त्यांची धाकटी बहीण डोंगराकडच्या गाडीनं उपचाराला जाते. मी या सभागृहात, नोंद व्हावी अशा रीतीनं, शब्द देतो. ती गाडी एक दिवसही बंद होणार नाही."

बाकं वाजली. विरोधकांनीही वाजवली. कोणाच्या आजारी बहिणीसाठी बाक न वाजवणारा माणूस कुठे मिळायचा?

मार्गिकेतला शब्द म्हणजे हवा. सभागृहातला शब्द नोंदीत जातो, तो मोडला तर मंत्र्याची खुर्ची जाते. म्हणजे धाकटी वाचली. माझ्याही डोक्यात पहिलं तेच आलं, खोटं कशाला बोलू.

आणि बाई बसल्या.

म्हणजे त्यांनी खुर्ची बघून, पदर सावरून, ठरवून बसावं तशा नाही. एकदम धपकन खाली आल्या. दोन्ही हात तोंडावर. मला वाटलं आता उठतील. अध्यक्षांनीही वाट पाहिली, त्यांना दोष देता येणार नाही. त्यांनी बाईंकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं, परत बाईंकडे बघितलं. लांबणकाका हात वर करून काहीतरी बोलू पाहत होते, पण त्यांचा तो हात कोणी कधी मनावर घेत नाही.

"सन्माननीय सदस्यांचं समाधान झालेलं दिसतंय. पुढचा प्रश्न."

मला ओरडावंसं वाटत होतं. उठा, बाई. एवढं वर्षानुवर्षं सांगितलं ते काय पालथ्या घड्यावर पाणी? पुढच्या प्रश्नाचं उत्तर चालू झालं, संपलं, घंटा वाजली. तेवढ्या वेळात माणूस दहादा उठला असता.

खाली मार्गिकेत पत्रकारांनी बाईंना गराडा घातला. फोटो काढले, बहिणीचं वय विचारलं. मऊसाहेब वाटेत थांबून म्हणाले, "झालं ना मनासारखं?" आणि ते खरंच खूश होते, हेच मला जास्त लागलं. बाकीच्या गाड्यांबद्दल एकानंही विचारलं नाही.

गर्दी पांगल्यावर बाई भिंतीला टेकल्या. "भाऊ, मला कळलंच नाही हो, मी कधी बसले."

माझ्या तोंडाशी आलं होतं, बाई, कळलं नाही की कळूनही उठवलं नाही? गिळलं. माझी बहीण असती तर मी काय केलं असतं, हे मनात आलं आणि मी ते लगेच झटकलं. मला त्या वेळी रागवायचं होतं. मी म्हणालो, "दुपारी अध्यक्षांना भेटू. पत्र देऊ. बघू काही निघतं का." काही निघत नसतं. प्रश्न एकदा संपला की त्या अधिवेशनात पुन्हा येत नाही, आणि पुढचं अधिवेशन येईस्तोवर रूळ गंजले असते.

तेवढ्यात माझा फोन वाजला. बाईंचा बंद होता, म्हणून धाकटीनं मला लावला होता. मी तो स्पीकर लावूनच बाईंच्या हातात दिला. त्यांनी एकदम आवाज बदलला. लहान भावंडाशी मोठी बोलते तसा, मुद्दाम करडा.

"ऐकलंस ना? गाडी राहतेय तुझी. आता तरी निवांत झोप."

पलीकडून आधी मशीनची घरघर आली आणि त्यातून धाकटीचा दबका आवाज, शेजारच्यांना ऐकू जाऊ नये असा.

"ऐकलं ताई. सगळ्यांनी ऐकलं. सगळ्यांनी माझ्याकडे बघून हात हलवले, शिक्षिकाबाई तर रडल्याच माझ्यासाठी."

"मग?"

"मग त्या विचारतायत, आमच्या गाडीचं ताई कधी विचारणार? शिंपीकाका पण विचारतायत. ती आई पण. त्यांना वाटतंय, एकेक करून विचारणार आहेस. टीव्ही बंद करू देत नाहीयेत."

बाईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"मला अजून बराच वेळ मशीनवरून उठता येणार नाही, ताई. सगळे माझ्याकडेच बघतायत. मी त्यांना काय सांगू?"