पाडव्याआधीची सुपारी

निजामाचं राज्य जाऊन पाच वर्षं झाली होती आणि पेडगावच्या तालमीत पुन्हा शड्डू घुमू लागले होते. तिथल्या तांबड्या मातीला ताक-हळद कडूबाईच्या हातची. गावच्या पैलवानाला वर्षभर दूध तिच्या चंद्री म्हशीचं. बदल्यात गाव तिला ज्वारी घाली. त्या ज्वारीवरच तिची चूल.

पैलवानाच्या खुराकाचं साल पाडव्याला सरायचं आणि बोरीची जत्रा त्यानंतर आठव्या दिवशी. मधले आठ दिवस पैलवान कुणाचाच नसे. गेल्या साली पंचांनी "जत्रा बघू, मग पुढल्या सालाच्या खुराकाची सुपारी देऊ" म्हणत बन्सीधरला मोकळा ठेवला. बोरीच्या आबासाहेबांनी त्या आठ दिवसांतच त्याला उचलला, आणि चंद्रीच्या दुधावर पोसलेल्या गड्यानं बोरीसाठी मैदान मारलं.

यंदा गावचा पैलवान होता वाल्मीक. मिसरूड फुटलेला, गेल्या जत्रेत पापणी लवायच्या आत चीत झालेला. पाडवा चार दिवसांवर आला तेव्हा पंच पारावर बसले.

"घाई कशाला?" माणिकराव पाटील म्हणाले. "पुन्हा उताणा पडला तर? वर्षभर दूध पाजून काय वासरू वाढवायचंय?"

हशा पिकला. कडूबाई पदर खोचून पुढं झाली.

"मागल्या साली बी असंच हासला होता, पाटील. हासता हासता बन्सीधर गेला."

"त्यो जिंकणारा होता. ह्यो पडलेला हाय."

"पडला खरा. पण दुसऱ्या दिशी मी ताक घेऊन गेले, तर ह्यो एकलाच आखाडा खणायलाय! बन्सीधरानं कवा खोऱ्याला हात लावला का? आत्ताच सुपारी द्या. हरला तर गावाची ज्वारी नगं मला. दूध माझ्या पदरचं."

पंचांनी माना डोलावल्या. कडूबाईनं नारळ-सुपारी वाल्मीकच्या मातकट हातावर ठेवली.

"काकू, लय मोठं बोललात," तो पुटपुटला.

"मी बोलले. आता तू बोल, मातीत."

जत्रेत हलगी कडाडली. शेवटची कुस्ती वाल्मीक आणि बन्सीधरची लागली. वाल्मीक लंगोट कसत होता, तेवढ्यात आबासाहेब त्याच्या कानाशी आले. "पेडगाव काय देतंय तुला? बोरीकडं ये, दोन म्हशी बांधतो दारात."

"सुपारी घेतली हाय, साहेब. पडलेला असताना दिलेली. ती मोडत नसती."

बन्सीधरनं पहिल्याच झटक्यात त्याला खाली घेतला. बैलगाडीवर उभी कडूबाई टाचा उंचावून बघू लागली. पण वाल्मीक पाठ टेकू देईना. मातीला चिकटला, जसं मूळ चिकटतं. गुडघा रोवला, कणाकणानं उठला, आणि उठता उठता अशी ढाक मारली की बन्सीधरची पाठ धरणीला टेकली. गुलाल उडाला! सूर्य माखला, बैल माखले, आबासाहेबांच्या मिशाही माखल्या. त्यांनीच वाल्मीकला जिंकल्याचा केशरी फेटा बांधला.

वाल्मीकनं तो गावी येताच सोडला आणि चंद्रीच्या शिंगांना गुंडाळला. मिरवणूक निघाली. दावं धरून पुढं खुद्द माणिकराव.

"काय पाटील," कडूबाई मागून ओरडली, "वाढलं का वासरू?"

"दुप्पट ज्वारी घालतो, बाई! पर हिला आवर आधी!"

चंद्रीनं तोवर फेट्याचा शेमला निवांत चघळायला घेतला होता.