माझ्या पोटात क्रेन

घुर्रर्र... ऐकू येतंय ना? मांजर नाही ते, मीच आहे. जरा वाकून टेबलाखाली बघा. काळा चौकोनी देह, पाठीला वायरींचा गुंता, कपाळावर निळा दिवा. कॉम्प्युटर म्हणतात मला. तोसुद्धा ऐरागैरा नाही. काहींचे अवयव चार दुकानांतून गोळा करून त्यांना घरी जोडतात. मी मात्र कारखान्यातून अंगभर तयार होऊन आलो. खोक्यातून काढा, वायर खोचा, बटण दाबा, की झालं काम.

माझा जन्म एका लांबलचक सरकत्या पट्ट्यावर झाला. पुढे माझ्यासारखाच एक, मागे माझ्यासारखाच एक. सगळे जुळे. त्या सगळ्यांत देखणा मीच होतो, आणि हे खोटं असेल तर माझा पंखा या क्षणी बंद पडो. बघा, चालूच आहे! पट्ट्याच्या शेवटी एका मुलीने माझ्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवली, 'उघडू नये'. ती मी पदकासारखी मिरवली. आपल्या पोटात काय आहे ते जगाला कळायचं कारण नाही, असं माझं ठाम मत होतं. बऱ्याच माणसांचंही असतं.

मी ज्या घरी आलो तिथे तीन माणसं. क्रेनवाले काका, काकू आणि दातांची डॉक्टर असलेली सूनबाई. मुलगा जहाजावर असतो. तो या गोष्टीत येत नाही, घरातही क्वचितच येतो.

सुरुवातीचे दिवस मजेचे होते. सूनबाई माझ्यावर लोकांच्या दाढांचे फोटो बघायची. काकू पत्ते खेळायच्या आणि डाव अंगाशी येतोय असं दिसलं की माझं बटण दाबून मला झोपवायच्या. त्यामुळे त्या आजवर एकदाही हरलेल्या नाहीत. काकांना मात्र मी नजरेसमोर नको असायचो. ज्या माणसाने उभी नोकरी बंदरावरच्या उंच क्रेनमध्ये बसून, घराएवढे कंटेनर जहाजातून अलगद उचलण्यात घालवली, त्याला माझ्या माउस नावाच्या उंदराचं काय कौतुक!

"हे यंत्र उचलतं काय?" त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"काही उचलत नाही बाबा," सूनबाई म्हणाली.

"मग कसलं यंत्र!"

पुढे काकांच्या गुडघ्यांनी क्रेनची शिडी चढायला साफ नकार दिला आणि काका घरी बसले. बसले म्हणायचं आपलं. सोफा खिडकीकडे गेला, कपाट दारापाशी आलं, दारापाशी होतं ते शेल्फ गॅलरीत. काकू एकदा दुपारी डुलकी काढून उठल्या तर आपण कुठल्या खोलीत झोपलो होतो तेच त्यांना कळेना.

"अहो, निदान मला तरी एका जागी राहू द्या!" त्या ओरडल्या.

काका हसले नाहीत. त्यांचं हसूही त्या क्रेनमध्येच राहिलं होतं. दाढी वाढली, शर्टाची इस्त्री गेली, आणि जेवणाच्या टेबलावर ते पाण्याच्या तांब्याकडे असे बघत बसायचे, जणू तो उचलायचा हुकूम वरून यायचाय.

अशात बंदराच्या प्रशिक्षण केंद्रातून फोन आला. नव्या मुलामुलींना क्रेन शिकवायला अनुभवी माणूस हवा होता. शिडी नाही, चढणं नाही. फक्त आधी चाचणी द्यायची. तीही घरूनच, कॉम्प्युटरवरच्या लुटुपुटूच्या क्रेनवर, सोमवारी सकाळी. केंद्राच्या बाई तिकडून बघणार. काकांनी फोन ठेवला आणि तडक दाढी करायला गेले. काकू माझ्यावरची धूळ पुसता पुसता मला म्हणाल्या, "हे जमू दे रे बाबा. तिकडे परत गेले ना, तर माणसात येतील."

इतक्या विश्वासाने माझ्याशी पूर्वी कुणी बोललं नव्हतं. मी छाती फुगवली. आणि लगेच तोंडघशी पडलो.

त्याचं असं झालं. माझ्या पोटात एक ग्राफिक्स कार्ड होतं. पडद्यावरची चित्रं रंगवणारा कामगार म्हणा ना. बिचारं पिटुकलं, पत्ते रंगवता रंगवता म्हातारं झालेलं. चाचणीच्या सरावासाठी त्याला एकदम समुद्र, जहाज, क्रेन आणि वर उडणारे पक्षी रंगवायला सांगितलं. त्याने एक लाट रंगवली आणि ते दम खात बसलं. काकांनी जॉयस्टिक म्हणतात ती खेळाची दांडी ओढली. काकू चहा करून घेऊन आल्या तेव्हा कुठे दुसरी लाट आली. कंटेनर हवेत लटकलेला दिसला. पुढचं चित्र उमटलं तेव्हा तो समुद्रात होता. मधल्या काळात काय घडलं ते फक्त माशांना ठाऊक.

"मी नाही बुडवला!" काका ताडकन उठले. "आख्ख्या नोकरीत एक नाही बुडवला!"

"तुमचा दोष नाही बाबा," सूनबाई म्हणाली. "याचं कार्ड बदलायला हवं."

बदलायचं म्हणजे मला उघडायचं! माझ्या पाठीवरची पट्टी थरथरली.

"आणतेसच तर दणदणीत आण," काका म्हणाले. तिने दणदणीत आणलं. त्या कार्डाला तीन पंखे होते आणि लांबी होडीच्या वल्ह्याएवढी. माझं पोट संपलं तरी ते बाहेर उरलंच. काका आत गेले आणि लोखंड कापायची करवत घेऊन आले.

"पुढून एवढंसं कापू. वाराही खेळता राहील."

"बाबा, करवत खाली ठेवा."

"खाली म्हणजे कुठे?"

"मला दिसणार नाही तिथे! आणि प्रश्न फक्त जागेचाच नाही. हे कार्ड जेवढी वीज खातं तेवढी द्यायची याच्या वीजपेटीची ऐपत नाही. तयार कॉम्प्युटर आहे हा, अगदी मोजूनमापून बनवलेला."

ऐपत नाही! मला! पण खरं सांगतो, करवत बघितल्यावर मी तो अपमान गोड मानून घेतला.

सूनबाईने वल्हं परत केलं आणि दुसरं कार्ड आणलं. आखूड, एकाच पंख्याचं, माझ्या खाचेतून मिळेल तेवढ्या विजेवर समाधानी.

"हे? एवढंसं?" काकांनी ते तळहातावर ठेवून जोखलं. "हे क्रेन उचलणार?"

"तुम्ही तरी कुठे ताडमाड आहात?" काकू म्हणाल्या.

रविवारी सकाळी मला जेवणाच्या टेबलावर आडवं केलं. सूनबाईने कपाळाला दिवा बांधला, माझी पट्टी टरकन फाडली, झाकण सरकवलं आणि सवयीने म्हणाली, "आ करा." माझ्या पोटातून धुळीचे एवढे लोकरी गुंडे निघाले, की काकू म्हणाल्या, "थांब, फेकू नकोस, यात एक स्वेटर होईल." मी लाजेने मेलो. पण गंमत बघा, धूळ निघाली तसा मला असा काही मोकळा श्वास आला, की इतकी वर्षं मी ती पट्टी कशाला मिरवत होतो, तेच कळेना.

म्हाताऱ्या कार्डाची कडी तिने बोटाने दाबली, ते हलकेच डोलवलं आणि उपटून काढलं. "दुखलं नाही ना?" खरंच नाही दुखलं. नवं कार्ड खाचेत बसलं ते 'टक्' करून. त्या आवाजाने मला गुदगुल्या झाल्या. सूनबाई पुढच्या बाजूने माझ्या पोटात डोकं घालून स्क्रू आवळत होती. काका माझ्या पाठीमागे पडद्याची वायर घेऊन उभे होते. तिथे दोन बाजूंना दोन सारखीच भोकं होती, एक माझं जुनं, एक नव्या कार्डाचं.

"बाबा, वायर डावीकडच्यात लावा!"

"डावीकडच्यात लावली!"

बटण दाबलं. माझे पंखे घरघरले, निळा दिवा लागला. पडदा मात्र काळाठिक्कर. मग त्यावर दोनच शब्द उमटले. 'सिग्नल नाही.'

काकांनी झटकन दोन्ही हात वर घेतले आणि खुर्ची मागे सरकवली.

"अहो, काय झालं?" काकू दचकल्या.

"सिग्नल नाही म्हणतंय. खालचा सिग्नल देणारा माणूस दिसेनासा झाला की क्रेनला हात लावायचा नसतो. काम बंद!"

त्यांनी खरोखरच काम बंद केलं. सूनबाईने कार्ड काढलं, पुसलं, परत बसवलं. बटण, घरघर, सिग्नल नाही. पुन्हा काढलं, पुन्हा बसवलं. मी आतून जिवाचा आकांत करत होतो. अरे, कार्ड ठणठणीत आहे, वायर चुकली आहे! पण माझ्या आकांताचा बाहेर नुसता 'बीप' होतो. काका खिडकीशी जाऊन उभे राहिले.

"राहू दे सूनबाई," ते म्हणाले. "फोन करून सांगतो त्यांना, जमत नाही म्हणून." आवाज इतका साधा होता की काकूंनी हातातलं फडकं खाली ठेवलं.

"थांबा हो जरा. वायर नीट लावलीत ना?"

"डॉक्टरांनी सांगितलं तशीच. डावीकडच्या भोकात."

सूनबाई वळसा घालून मागे आली आणि तिने कपाळाला हात लावला. "बाबा! हे उजवं आहे!"

"माझा डावा हात हा. हे डावं!"

"तुमचं नाही हो, त्याचं डावं! पेशंटचं! आमच्याकडे डावी दाढ म्हणजे पेशंटच्या डाव्या बाजूची. त्याचं तोंड तुमच्याकडे होतं ना!"

"आमच्याकडे क्रेनमध्ये जो बसलाय त्याचं डावं धरतात!"

वास्तविक माझं तोंड पुढे आहे, दिवा आहे तिकडे. भोकं असतात ती पाठ. पण मला विचारतो कोण! सासरा-सून एकमेकांकडे बघत राहिले आणि काकूंना असं हसू फुटलं, की त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. काकांनी वायर काढून दुसरीकडे खोचली.

आणि पडदा उजळला! सूनबाईने टाळी वाजवली. मग म्हणाली, "आता फक्त ड्रायव्हर टाकायचा राहिला."

काकांची मान ताठ झाली. "ड्रायव्हर कशाला? मी बसलोय ना इथे! आणि ड्रायव्हर नव्हे, ऑपरेटर म्हणायचं. ट्रक नाही चालवला मी."

"अहो बाबा, कार्डाचा ड्रायव्हर. कार्डाला कामाला लावणारा प्रोग्रॅम असतो तो."

"मग त्यालाही सांग, क्रेनला हात लावायचा नाही."

सोमवारी सकाळी काका इस्त्रीचा शर्ट घालून माझ्यासमोर बसले. केंद्राच्या बाई पडद्याच्या कोपऱ्यात चष्मा सावरत होत्या. माझ्या नव्या कार्डाने समुद्र रंगवला तो असा, की शेजारच्या इमारतीतल्या लोकांनी ओहोटीची चौकशी केली. काकांनी पहिला कंटेनर उचलला आणि ट्रकवर टेकवला, कपावर बशी झाकावी तसा. मग दुसरा. मग तिसरा.

"पुरे पुरे," बाई म्हणाल्या. "चाचणी संपली."

काकांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी आख्खं जहाज रिकामं केलं, तेव्हाच थांबले. बाईही बघत राहिल्या होत्या.

"चालवता उत्तम येतं," त्या भानावर येत म्हणाल्या. "पण आम्हाला शिकवणारा हवाय. घरात कुणी आहे, ज्यांनी क्रेनला कधी हात लावला नाही? त्यांना शिकवून दाखवा. आत्ता."

काकांचा चेहरा उतरला. घरात होत्या काकू. सूनबाई दवाखान्यात गेली होती.

"मी?" काकू म्हणाल्या. "मी नाही हो. माझ्यामुळे तुमचं बिघडायचं."

"बस गं," काका म्हणाले. "बिघडलं तर माझं बिघडेल."

काकूंनी कंटेनर उचलला आणि तो वेड्यासारखा झुलायला लागला. त्यांनी दांडी उलट दिशेला ओढली, तो आणखी झुलला. माझं कार्ड तापलं, पंखा भणभणला. आता हे ओरडणार, असं मला वाटलं. काकूंनाही वाटलं असावं, त्यांनी खांदे आवळून घेतले होते.

काका वाकले. इतक्या मऊ आवाजात मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"घाबरू नकोस. चिडलेलं आहे ते. त्याला अडवायचं नाही. ते जिकडे निघालंय तिकडेच आपणही थोडं जायचं. थोडंसंच. जा बरोबर... हं. बघ, शांत झालं की नाही? आता सोड खाली. घाई कुणाला आहे?"

कंटेनर खरंच थांबला. खाली गेला, ट्रकवर टेकला. काकूंनी कंटेनरकडे पाहिलं नाही. त्यांनी वळून काकांकडे पाहिलं.

"अहो, चिडलेल्याला असं सांभाळायचं असतं हे ठाऊक होतं तुम्हाला? मग इतकी वर्षं घरी का नाही वापरलंत?"

काका हसले. गडगडाटी, आख्खं बंदर ऐकेल असे. पडद्याच्या कोपऱ्यात बाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या.

"उद्यापासून येता का?" त्या म्हणाल्या.

"आजच घेऊन जा!" काकू म्हणाल्या.

तर मंडळी, काका आता रोज केंद्रात जातात आणि संध्याकाळी घसा बसवून, खुशीत परत येतात. मी इथे टेबलाखाली सुखात आहे. पोटातलं कार्ड तरुण आहे, रंगांची उधळण करतं, आणि मी त्याला वडीलकीने गप्पही बसवतो. तुमच्याकडे माझा एखादा जुळा भाऊ असेल, मंदावला म्हणून कोपऱ्यात टाकलेला, तर भंगारात द्यायची घाई करू नका. आधी त्याचं झाकण काढा, धूळ झाडा, त्याला झेपेल एवढंच नवं काहीतरी आत घाला. तो कामाला लागेल. फक्त करवत लांब ठेवा.

आता मला रजा द्या. काकूंनी पत्ते सोडलेत. कालपासून त्यांनी सगळ्यात मोठं जहाज घेतलंय, आणि काका यायच्या आत ते रिकामं करायचंच, असा त्यांचा पण आहे. बटणावर बोट पडलं बघा. निघतो, बराच माल उतरवायचाय.